काडतुसाची पुंगळी : पितळाची पारख

बंदुकीचा बार उडाला म्हणजे ऐकणाऱ्याचें लक्ष गोळीकडे जातें. शिकारीच्या गोष्टींतही गोळी कोठें लागली, एवढेंच सांगितलेलें असतें. गोळी निघून गेल्यावर मागें एक वस्तु राहते. तिच्याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. ती म्हणजे काडतुसाची पितळी पुंगळी. वास्तविक त्या क्षणीं बार उडविणाऱ्याचा डोळा आणि तापलेला वायु ह्यांच्यामध्यें जें कांहीं आडवें असतें, त्यांतला पहिला पडदा हें पातळ पितळच होय. मोठ्या शिकारी रायफलींसाठीं हें पितळ कोठून मिळवावें, कसें निवडावें आणि कोणतें टाकून द्यावें, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षें शिकाऱ्यांना आणि कारखानदारांना पडत आलेला आहे. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग आपल्याच देशांतील पावसाळ्यांत सांपडला. ही पारख कशी करतात, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा, असें कोणास वाटेल. पण पालघर जिल्ह्यांतील मनोरचें उदाहरण घ्या. वैतरणेच्या खोऱ्यांतील हें बाजाराचें गांव. आज तेथून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. पश्चिमेस बोईसर-तारापूरचे कारखाने आहेत, उत्तरेस अशेरीचा डोंगर आहे. ईशान्येकडे जव्हारचें संस्थान होतें. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. ह्या साऱ्या टापूंत एके काळीं दाट सागवान होतें, वाघ होता, आणि त्यामागोमाग शिकारही होती. आज त्या रानांत बिबळ्या उरला आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा तो काळ संपला आहे. परंतु अशा मुलखांतील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटींत, चारदोन पितळी काडतुसें अजूनही निघूं शकतात. घरांतील तरुण मंडळी तीं पुसून पाहतात. पितळ सोन्यासारखें झळकतें, आणि ‘अगदीं नवीं आहेत कीं!’ असा उद्गार निघतो. हा उद्गार किती फसवा आहे, हेंच मुख्यतः मला आज दाखवावयाचें आहे. पितळाचा इतिहास त्याच्या झळाळींत दिसत नाहीं.

प्रथम पुंगळीचें काम काय, तें पाहूं. काडतुसाचे चार भाग : पुढें गोळी, आंत दारू, बुडाशीं ठिणगी देणारी लहानशी टोपी, आणि ह्या तिहींना एकत्र धरणारी पुंगळी. बार पेटतांच आंतील वायूचा दाब क्षणार्धांत वाढतो. मोठ्या शिकारी रायफलींत तो चौरस इंचास पंधरा ते सतरा टनांपर्यंत जातो. ह्याची कल्पना यावी म्हणून सांगतों : आपल्या स्वयंपाकघरांतील कुकराची शिटी होते, तेव्हां आंत चौरस इंचास सुमारें पंधरा पौंड दाब असतो. म्हणजे काडतुसांतील दाब कुकराच्या अडीच हजारपट झाला. ह्या दाबानें पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि मागें येऊं पाहणाऱ्या वायूची वाट बंद करते. गोळी बाहेर पडून दाब उतरला, कीं तिनें किंचित् आंत आखडलें पाहिजे. नाहीं तर ती नळींत अडकून बसते, आणि दुसरें काडतूस घालतां येत नाहीं. चाल करून येणाऱ्या जनावरासमोर ह्याचा अर्थ काय, हें सांगावयास नकोच.

म्हणजे ह्या धातूनें एकाच क्षणीं फुगावेंही आणि परतावेंही. तोंडाशीं मऊ असावें आणि बुडाशीं कठीण असावें. शंभरांत सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त असें जें पितळ, तें ह्या कामाला सर्वांत योग्य ठरलें. त्याला ‘काडतुशी पितळ’ असेंच नांव पडलें आहे. पुण्याच्या तांबट आळींत ज्यांनीं मठारकाम पाहिलें असेल, त्यांना ह्यांतलें मर्म लौकर समजेल. ठोके पडत गेले कीं धातु कठीण होतो, आणि अधिक ठोकल्यास तडकतो. म्हणून कारागीर त्याला मधून मधून ताव देऊन नरम करतो. पुंगळीही अशीच होते. पितळाच्या जाड चकतीची प्रथम वाटी करतात. मग ती वाटी साच्यांतून ओढून ओढून लांब करतात, आणि दर खेपेस ताव देतात. शेवटीं बूड दाबून कठीण करतात, आणि गळ्याला ज्योतीचा ताव देऊन तो भाग नरम ठेवतात. लष्करी काडतुसांच्या गळ्याशीं जी निळसर-तपकिरी झांक कधीं कधीं दिसते, ती ह्या शेवटच्या तावाची खूण होय. पुष्कळ लोक तिला डाग समजतात.

ही विद्या एका दिवसांत हातीं आली नाहीं. १८६६ च्या सुमारास इंग्लंडांत कर्नल बॉक्सर ह्यांनीं जें काडतूस तयार केलें, त्याची पुंगळी पितळाच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनविलेली होती. मार्टिनी-हेन्री रायफलीचें पहिलें काडतूसही ह्याच जातीचें. १८८४-८५ च्या सुदानच्या मोहिमेंत, उन्हांत व वाळूंत, ह्या गुंडाळलेल्या पुंगळ्या तापलेल्या बंदुकींत अडकूं लागल्या. त्यानंतर अखंड ओढलेल्या पितळी पुंगळ्या प्रचारांत आल्या. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा-कारखाना १८६९ सालींच सुरू झालेला होता. तेथील काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ हीं इंग्रजी अक्षरें ठोकलेलीं असत. १९६४ सालीं भुसावळजवळ वरणगांवचा कारखानाही निघाला. ह्या विषयाशीं महाराष्ट्राचा संबंध असा जुना आहे.

आतां पावसाळ्याची गोष्ट. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील ब्रिटिश लष्कर पावसाळ्यांत फारशी हालचाल करीत नसे. त्या दिवसांत काडतुसांच्या पेट्या घोड्यांच्या पागेंत ठेवीत. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तों कित्येक काडतुसांना उभ्या चिरा गेलेल्या दिसाव्यात. विशेषेंकरून गोळीभोंवतीं पितळ जेथें आवळलेलें असे, तेथें. बार झालेला नाहीं, धक्का लागलेला नाहीं, गंजही दिसत नाहीं. मग पितळ फाटलें कसें? ऋतूप्रमाणें येणारा हा रोग म्हणून इंग्रजींत त्याला ‘ऋतूची चीर’ अशा अर्थाचें नांव मिळालें. त्याचा उलगडा १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन ह्या तिघा संशोधकांनीं केला. घोड्यांच्या मुतांतून निघणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा, आणि साच्यांतून ओढतांना व आवळतांना पितळांत कोंडून राहिलेला ताण, ह्यांचा तो एकत्रित परिणाम होता. अमोनिया असून ताण नसेल तर पितळ बहुधा काळवंडून थांबतें. ताण असून अमोनिया नसेल तर तें वर्षानुवर्षें टिकतें. दोघे एकत्र आले म्हणजे कणाकणांच्या सांध्यांतून चीर आंत शिरते. उपायही त्यांतूनच निघाला : तयार पुंगळीला हलका ताव देऊन तो कोंडलेला ताण सोडवावा. ताण खरोखर गेला कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं नमुन्याचें पितळ पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवीत; ताण शिल्लक असेल तर तें पाहतां पाहतां तडके.

हा नियम पितळापुरताच नाहीं. तारापूरचें अणुवीज केंद्र १९६९ सालीं सुरू झालें. तेथील पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत. ह्या जातीच्या भट्ट्यांतील गंजरोधक पोलादाच्या नळ्यांवर जगभर अभियंत्यांना नजर ठेवावी लागते, ती अशाच चिरांसाठीं. धातु निराळा, पाणी निराळें. परंतु ताण आणि भोंवतालचें वातावरण ह्यांची ती युति तीच आहे. घोड्यांच्या पागेंत जें कोडें पडलें, त्याचाच भाऊबंद अणुभट्टींत भेटावा, हें मोठें नवल नव्हे काय?

आतां हें पितळ दुर्मिळ कसें झालें, तें ऐका. त्याचेंही एक कारण हिंदुस्थानांतच आहे. १८९८ सालीं लंडनच्या जॉन रिग्बी ह्या बंदूककारांनीं ४५० नायट्रो एक्स्प्रेस हें काडतूस बाजारांत आणलें. त्याची पुंगळी सव्वातीन इंच लांब, आणि गोळी ४८० ग्रेन, म्हणजे सुमारें ३१ ग्रॅम वजनाची. पुंगळी एवढी लांब करण्यांत एक हेतु होता. त्या वेळची कॉर्डाइट दारू उन्हानें तापली कीं अधिक जोर करी. म्हणून मोठ्या जागेंत दाब बेताचा ठेवावयाचा, म्हणजे उष्ण देशांतही पुंगळी अडकत नाहीं. हत्ती, गवा, वाघ ह्यांच्या शिकारीसाठीं हें माप फार लोकप्रिय झालें. पण मार्टिनी-हेन्रीचा व्यासही ४५० च होता. ही गोळी बंडखोरांच्या जुन्या लष्करी बंदुकींना उपयोगी पडेल, ह्या भीतीनें १९०७ च्या सुमारास सरकारनें हिंदुस्थानांत व सुदानांत ४५० मापाला बंदी केली. तेव्हां एकेका इंग्रज बंदूककारानें कायद्याच्या कक्षेबाहेरचें आपापलें माप काढलें : कोणाचें ४६५, कोणाचें ४७०, कोणाचें ४७५, तर कोणाचें ४७६. प्रत्येकाची पुंगळी वेगळी, आणि प्रत्येकीचा खप थोडा.

बर्मिंगहॅमचा कायनॉक कारखाना ह्यांपैकीं बहुतेक मापें पुरवीत असे. साम्राज्य ओसरलें, शिकार कमी झाली, आणि १९७० च्या आसपास तेथील हें काम बंद पडलें. हजारों उत्तम दुनळी रायफली तेव्हां पोरक्या झाल्या. बंदूक शाबूत, पण तिच्या मापाचें पितळ नाहीं! म्हणूनच ज्या देशांत कायद्यानें मुभा आहे, तेथील बंदूकधारी एकेक रिकामी पुंगळी जपून ठेवूं लागले आणि ती पुन्हां भरूं लागले. पुढें ऑस्ट्रेलियांत बर्ट्रॅम, स्वीडनमध्यें नॉर्मा, अमेरिकेंत हॉर्नडी अशा कारखान्यांनीं कांहीं मापांच्या नव्या पुंगळ्या काढल्या, आणि कायनॉकच्या नांवानेंही इंग्लंडांत पुन्हां काडतुसें होऊं लागलीं. एका सरकारी हुकमाचा परिणाम अशा रीतीनें शंभर वर्षें पुरला.

मग निवड कशी करतात? जाणते लोक जे प्रश्न विचारतात, ते मी क्रमानें सांगतों.

पहिला प्रश्न मापाचा. काडतुसाच्या नांवावर विसंबून चालत नाहीं. जिम कॉर्बेट ह्यांची जेफ्री बनावटीची दुनळी ४५०/४०० ह्या नांवाची. त्याचा अर्थ, ४५० ची पुंगळी गळ्याशीं आवळून ४०० च्या गोळीसाठीं केलेली. पण ह्याच नांवाच्या पुंगळ्या निरनिराळ्या लांबीच्या आहेत. त्याहून धोक्याची गोष्ट अशी, कीं काळ्या दारूच्या युगांतील पुंगळी आणि नायट्रोची पुंगळी बाहेरून एकाच मापाची असूं शकते. सव्वातीन इंची ४५० ची गोष्ट अशीच आहे. जुन्या पुंगळीचें बूड आंतून पोकळ व पातळ असतें. नायट्रोचें भरीव असतें. जोर मात्र दोहोंचा अगदीं भिन्न. म्हणून कापून पाहिलेल्या नमुन्यावरून आणि बुडावरील अक्षरांवरून खात्री झाल्यावांचून जुनें पितळ कोणी जाणता हातीं धरीत नाहीं.

दुसरा प्रश्न टोपीचा. बॉक्सर पद्धतींत टोपीची ऐरण टोपींतच असते, आणि पुंगळीच्या बुडास मधोमध एकच छिद्र असतें. त्यांतून सळई घालून जळकी टोपी सहज काढतां येते. अमेरिकेच्या बर्डन ह्यांच्या पद्धतींत ऐरण पुंगळीलाच असते, आणि तिच्या बाजूंना दोन बारीक छिद्रें असतात. तेथें सळई चालत नाहीं, आणि टोपीही मिळण्यास कठीण. गंमत अशी, कीं बॉक्सर इंग्रज, पण त्यांची पद्धति अमेरिकेंत रुजली. आणि बर्डन अमेरिकन, पण त्यांची पद्धति युरोपांत व जुन्या कायनॉक काडतुसांत रुजली. नवें पितळ घेणारे लोक बहुधा बॉक्सर पद्धतीचें पसंत करतात, तें ह्यामुळें.

तिसरा प्रश्न पाऱ्याचा. जुन्या टोप्यांत पाऱ्याचें स्फोटक संयुग असे. काळ्या दारूची काजळी पुष्कळ धरे, आणि तींत तो पारा बराचसा अडके. धूरहीन दारू आल्यावर काजळी कमी झाली, आणि मोकळा पारा पितळांत भिनूं लागला. असें पितळ ठिसूळ होतें, आणि दिसतें मात्र निर्दोष. म्हणून पाऱ्याच्या टोपीनें एकदां उडालेली पुंगळी कितीही सुंदर असली, तरी ती टाकावयाची.

चौथा प्रश्न चिरांचा व झिजेचा. गळ्याला उभी चीर असेल तर तें पितळ म्हातारें झालें. टोपीचें घर सैल झालें असेल तर त्या पुंगळीनें बेसुमार दाब सोसला आहे. सर्वांत भयंकर दोष बुडाच्या किंचित् वर, आंतल्या अंगाला असतो. दर बारागणिक पुंगळी थोडी ताणते, आणि त्या जागीं भिंत पातळ होत जाऊन आंत खांच पडते. बाहेरून तेथें एखादी चकाकती रेघ दिसते, किंवा तीही दिसत नाहीं. तेव्हां टोंकाशीं वांकविलेली बारीक तार आंत घालून भिंतीवरून फिरवितात. खांच असेल तेथें टोंक अडखळतें. अशी पुंगळी पुढच्या बाराला दुभंगते, आणि तापलेला वायु मागें, बार उडविणाऱ्याच्या तोंडाकडे, येऊं शकतो.

पांचवा प्रश्न सारखेपणाचा. एकाच कारखान्याचें, एकाच घाण्याचें पितळ घेऊन तें वजन करून पाहतात. बाहेरचें माप तेंच आणि वजन जास्त, ह्याचा अर्थ भिंत जाड व आंतील जागा कमी; आणि जागा कमी झाली कीं तितक्याच दारूचा दाब वाढतो. दहा कारखान्यांच्या पुंगळ्यांची खिचडी करणें म्हणजे दर बाराला नवें अनुमान बांधणें होय.

आणि शेवटचा प्रश्न साठवणीचा, जो कोंकणांत तर सर्वांत आधीं विचारला पाहिजे. चार महिन्यांची दमट हवा, घराला लागून असलेला गोठा आणि त्यांतून येणारा तोच अमोनिया : पागेंतली सारी सामग्री येथें आयतीच आहे. पितळ उजळण्याच्या कांहीं बाजारी पॉलिशांतही अमोनिया असतो. तीं काडतुसाला लावणें म्हणजे चकाकीसाठीं चीर विकत घेणें. चिंचेसारख्या आंबट पदार्थांनीं तांब्या-लोटी खुशाल घासावी. पण आम्लांत फार वेळ राहिलेल्या पितळावरचें जस्त कमी होऊन तांब्याचा लालसर रंग वर येतो, हें गृहिणींना ठाऊक आहेच. काडतुसावर तो लाल डाग दिसला, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

श्रोतेहो, हें सारें मी भरणीची कृति शिकविण्यासाठीं सांगितलें नाहीं. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें काडतुसें तयार करण्यास परवाना लागतो. काडतुसाचे सुटे भागही त्या कायद्यानें दारूगोळ्यांतच मोडतात. त्यामुळें माळ्यावरच्या पेटींत जुनीं काडतुसें निघालीं, तर तीं घासूं नयेत, ठोकूं नयेत, उघडून पाहूं नयेत, आणि कोणाच्या बंदुकींत ‘चालतात का’ म्हणून घालून तर मुळींच पाहूं नयेत. तीं जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावींत. ज्याच्या नांवें परवाना होता तो गृहस्थ निवर्तला असेल, तर त्याचें शस्त्र व काडतुसें विनाविलंब ठाण्यांत जमा करावयाचीं, असा नियम आहे. आजोबांची आठवण जपावी, तिच्यासाठीं त्यांचें छायाचित्र पुरे आहे. त्यांच्या काडतुसांचें पितळ आज कोणत्या अवस्थेंत आहे, हें त्यांनाही सांगतां आलें नसतें.

माणसाप्रमाणें पितळालाही पूर्ववृत्त असतें. तें कोठें घडलें, कोणत्या टोपीनें पेटलें, किती वेळां ताणलें, कोणत्या हवेंत राहिलें, हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें त्याच्या चकाकीवर विश्वास टाकूं नये.